यूकेत टॅक्सीचं लायसन्स: नवऱ्याला कौन्सिलच्या कमिटीपुढे बोलावलंय, कोणाला अनुभव आहे का?

मेघना_मिडलँड्स
नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या. आम्ही मिडलँड्समधल्या एका शहरात राहतो, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी नर्स, नवरा माझा डिपेंडंट म्हणून आला आणि पाच वर्षं वेअरहाऊसात नाईट मारून मारून पाठीचं पार खोबरं झालंय. गाडी चालवायला त्याला मनापासून आवडतं, सांगलीला असताना मामाची सुमो घेऊन पंढरपूर-तुळजापूरची भाडी मारायचा. तर इथे प्रायव्हेट हायरचं (आधी बुक केलेली टॅक्सी, उबरसारखी) लायसन्स काढायचं ठरलं. मेडिकल, नॉलेज टेस्ट, सेफगार्डिंगचं (मुलं आणि असहाय माणसांच्या सुरक्षिततेचं) ट्रेनिंग, भारतातलं पोलीस क्लिअरन्स, सगळं रीतसर झालं. आणि आता पत्र आलंय की अर्ज लायसन्सिंग सब-कमिटीपुढे ठेवलाय, अमुक तारखेला हजर राहा.

कारण असं की चार वर्षांपूर्वी क्रिकेटची मॅच बघताना एका पबबाहेर धक्काबुक्की झाली होती. याने एकाला कानफटात मारली, पोलीस आले, स्टेशनवर नेलं, म्हणाले कबूल करून कॉशन घेतलंस तर कोर्टात जायची गरज नाही, याने सही केली आणि घरी आला. आम्हाला वाटलं संपलं प्रकरण. फॉर्मवर 'पूर्वीचे गुन्हे, कॉशन वगैरे' असा रकाना होता तिथे याने 'नाही' लिहिलं कारण कोणीतरी सांगितलं की ते केव्हाच मिटलेलं असतं. आता डीबीएसमध्ये (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) ते आलंय. किती गंभीर आहे हे? आणि कमिटी म्हणजे नक्की कोण असतं तिथे?

नौपाड्याचा_नाना
म्हणजे तुमच्याकडे टॅक्सीचा बॅज नगरसेवक देतात?? आमच्याकडे नगरसेवकाकडे गटार तुंबलं म्हणून जातात. इथे बॅज आरटीओचा, पोलिसांचा दाखला लागतो, बाकी एजंटला विचारा. नगरसेवकाने ठरवायचं म्हटलं तर ठाण्यात उद्यापासून प्रत्येक रिक्षा एकाच पक्षाची होईल.
(मेघनाताई, तुमचं टेन्शन कळतंय, थट्टा नाही करत आहे.)

स्टिअरिंगवाला
मी नऊ वर्षं प्रायव्हेट हायर चालवतोय. ताई, खरं सांगतो, राग मानू नका, कॉशनपेक्षा तो 'नाही' लिहिलेला रकाना जास्त महाग पडेल. आमच्यातल्या एकाचं असंच झालेलं. मारामारी वगैरे काही नव्हतं, गाडी चालवताना हातात फोन, त्या गुन्ह्याचा कोड सीयू८०, लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट आणि दोनशे पौंड दंड. त्याने लिहिलंच नाही की असं झालंय. डीव्हीएलएचं (इथलं आरटीओच म्हणा) रेकॉर्ड कौन्सिल बघतंच ना, मग लपवून काय मिळालं? फोनचं असेल तर पाच वर्षं थांबा असं सरकारी मार्गदर्शनात आहे, ते थांबणं वेगळं आणि वर खोटं बोलला हा शिक्का वेगळा.

कौन्सिलची_कारकून
मी काही वर्षं एका कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात होते (तुमची नाही). वकील नाही, त्यामुळे हे वाचून झाल्यावर खऱ्या वकिलाशी बोला.

कमिटी कोण ते आधी. लायसन्सिंगची अशी अडीचशेहून जास्त कौन्सिलं नुसत्या इंग्लंडमध्ये आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची पॉलिसी. स्वच्छ अर्ज कमिटीपर्यंत जातच नाहीत, ऑफिसरच टेबलावर मंजूर करतात. शंका असलेले अर्ज पुढे जातात, तिथे बहुतेक ठिकाणी तीन नगरसेवक, शेजारी कौन्सिलचा वकील, आणि एक मिनिट्स लिहिणारी व्यक्ती. लोकांना आत सोडत नाहीत. नाना, ते नगरसेवक आपल्या वॉर्डातल्या माणसासाठी शब्द टाकायला बसलेले नसतात, ट्रेनिंग घेतल्याशिवाय त्यांनी तिथे बसूही नये असं आहे, आणि अर्जदाराने आधी कोणाला फोन करून 'जरा बघा आमचं' केलं तर उलट अंगाशी येतं. मेघना, हे तर अजिबात करू नका, ओळखीचा भारतीय नगरसेवक असेल तरी.

कायदा १९७६ चा आहे, लंडन सोडून इंग्लंड-वेल्सला जवळपास सगळीकडे तोच (लंडनला टीएफएल म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन बघतं, स्कॉटलंडचा कायदा वेगळा). त्यात म्हटलंय की माणूस 'फिट अँड प्रॉपर' आहे अशी कौन्सिलची खात्री झाल्याशिवाय लायसन्स द्यायचंच नाही. हे नीट वाचा. 'वाईट असल्याचं सिद्ध झालं तर नाकारा' असं नाहीये, 'चांगला असल्याची खात्री पटली तरच द्या' असं आहे. म्हणजे पटवून द्यायची जबाबदारी तुमच्या मिस्टरांवर. शंका उरली तर तिचा फायदा प्रवाशाला, अर्जदाराला नाही.

तर्कट
हे मला पटत नाही. कॉशन हे कायद्याने लगेच 'स्पेंट' होतं, म्हणजे मिटल्यात जमा. पुनर्वसनाचा १९७४ चा कायदा आहे ना, माणसाने एकदा चूक केली की आयुष्यभर ती गळ्यात घालून फिरायचं नाही यासाठीच केलेला? मग कौन्सिलला काय अधिकार मागचं उकरायचा?

कौन्सिलची_कारकून
त्या कायद्याला अपवाद आहेत आणि टॅक्सी ड्रायव्हर त्या अपवादांत बसतात, शिक्षक-डॉक्टर-नर्ससारखेच. म्हणून साधं नाही तर एनहान्स्ड डीबीएस, दोन्ही बार्ड लिस्टसकट (मुलांसोबत किंवा असहाय प्रौढांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या याद्या). आता यातही फिल्टरिंग आहे, प्रौढ वयातलं साधं कॉशन सहा वर्षांनी सर्टिफिकेटवरून आपोआप जातं, जर ते ठरलेल्या गंभीर गुन्ह्यांच्या यादीत नसेल तर. यांच्या बाबतीत चारच वर्षं झालीत. दोन वर्षं थांबून अर्ज केला असता तर कदाचित हा धागा निघालाच नसता, पण ते आता बोलून उपयोग नाही.

आणि कॉशन म्हणजे 'पोलिसांनी समज देऊन सोडलं' नव्हे. गुन्हा कबूल केल्याशिवाय कॉशन मिळतच नाही. आपले लोक इथेच गंडतात, सही करा घरी जा म्हटलं की करतात.

हॅरोच्या_काकू
मी टॅक्सीत मागे बसणाऱ्यांच्या बाजूने बोलते. माझी मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, रात्री दोनला क्लबातून एकटी घरी येते, आवडत नाही मला पण येते. गाडीचा दरवाजा बंद झाला की ती आणि तो अनोळखी माणूस, बस्स. रॉदरहॅमला काय झालं ते विसरलात का सगळे? २०१४ मध्ये अ‍ॅलेक्सिस जे यांचा रिपोर्ट आला तेव्हा मी टीव्हीपुढे बसून रडले होते, सोळा वर्षांत किमान चौदाशे मुली-मुलग्यांचं लैंगिक शोषण, आणि टॅक्सीवाल्यांचं नाव त्यात पुन्हा पुन्हा. पुढच्या वर्षी लुईस केसींचा रिपोर्ट आला आणि सरकारने कमिशनर पाठवून कौन्सिलच ताब्यात घेतलं. त्या गावात आता टॅक्सीत कॅमेरे सक्तीचे आहेत. एवढं सगळं घडल्यावर कौन्सिलं कडक झाली तर मी त्यांना दोष देणार नाही. मेघना, तुझा नवरा तसा नाही हे मला कळतंय गं. पण कौन्सिलला कसं कळणार?

तर्कट
काकू, पबबाहेर एक कानफटात आणि रॉदरहॅम हे एका वाक्यात घेणं अन्याय आहे. हेच होतं मग, चार गुन्हेगारांमुळे सगळ्या ड्रायव्हरांकडे संशयाने बघायचं आणि ड्रायव्हर बहुतेक आपल्यासारखेच बाहेरून आलेले.

स्टिअरिंगवाला
तर्कटभाऊ मुद्दा बरोबर पण थोडं ऐका. मी रोज रात्री चालवतो, पॅसेंजर शिव्या देतो, पैसे न देता पळतो, गाडीत उलटी करतो, कधी मागून टपली मारतो. अशा वेळी ज्याचा हात उठतो त्याने या धंद्यात येऊच नये. कमिटी नेमकं तेच बघते, की पबबाहेर चिडला तसा गाडीत चिडला तर. मला पण पहिल्या वेळी राग आलेला, कागदच कागद, आता तर दर सहा महिन्यांनी डीबीएस चेक, अटक झाली तर ४८ तासांत कळवा, एप्रिल २०२२ पासून रिन्यूअलला टॅक्सचा चेक कोड पण द्यावा लागतो म्हणजे एचएमआरसी पण बसलीच मांडीवर. पण बॅज गळ्यात असला की म्हातारी बाई बिनधास्त बसते गाडीत, ते पण खरंय.

कौन्सिलची_कारकून
काकूंनी विचारलं ना 'कौन्सिलला कसं कळणार', तर त्यासाठी एक प्रश्न ठरलेला आहे. जुलै २०२० मध्ये सरकारने सगळ्या कौन्सिलांसाठी स्टँडर्ड्स काढली त्यात तो आहे, माझ्या शब्दांत सांगते: मनात कुठलाही आकस न ठेवता, समोर असलेल्या माहितीवरून, तुमच्या जिव्हाळ्याच्या माणसाला, त्याची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री कधीही, या माणसाच्या गाडीत एकटं पाठवाल का? उत्तर काठावर जरी 'नाही'कडे झुकलं तरी लायसन्स नाही. शंभर टक्के पुरावा लागत नाही.

त्याच कागदात कशाला किती थांबायचं तेही आहे. मारहाणीची शिक्षा झाली असेल तर ती संपल्यावर दहा वर्षं, अप्रामाणिकपणाला सात, दारू पिऊन गाडी चालवल्याला सात, ड्रग्ज विकल्याला दहा, नुसते बाळगल्याला पाच. लैंगिक गुन्हा किंवा कोणाचा जीव गेलेला असेल तर कधीच नाही. कॉशन म्हणजे शिक्षा नव्हे, पण बऱ्याच कौन्सिलांच्या पॉलिसीत कॉशनही त्याच तराजूत घालतात, तुमच्या कौन्सिलची पॉलिसी वेबसाइटवर असेल, आजच वाचा. मात्र पॉलिसी म्हणजे दगडावरची रेघ नाही, प्रत्येक केस स्वतंत्र बघावी लागते, कारण असेल तर कमिटी पॉलिसी बाजूला ठेवू शकते. तुमची जागा तिथे आहे.

कमिटीपुढे काय बोलायचं नाही ते महत्त्वाचं. घरभाडं, कर्ज, मुलं, पाठदुखी, बायकोच्या पगारात भागत नाही, यातलं काहीही चालणार नाही. २००२ मध्ये लीड्सची केस झाली त्यात कोर्टाने स्पष्ट केलंय की ड्रायव्हरची घरची परिस्थिती इथे विचारात घ्यायची नसते, अगदी क्वचित, वागणुकीचं स्पष्टीकरण म्हणून आली तरच. हा लायसन्सचा कायदा प्रवाशासाठी आहे. निर्दयी वाटतं, मलाही पहिल्या सहा महिन्यांत वाटायचं, माणसं समोर रडायची.

काय बोलायचं: त्या दिवशी काय झालं ते एकदा सरळ सांगायचं, समोरच्यावर ढकलायचं नाही. रकान्यात 'नाही' का लिहिलं ते खरं सांगायचं. चुकीची माहिती देणं हाच त्या १९७६ च्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे हे लक्षात ठेवा. वेअरहाऊसच्या मॅनेजरचं पत्र न्या, ज्याला कॉशनबद्दल माहीत आहे आणि तरी चांगलं लिहितोय अशा माणसाचं. माहीत नसलेल्याचं पत्र रद्दी.

विद्यार्थी_कॉव्हेंट्री
धाग्याच्या मध्येच विचारतो सॉरी. मी मास्टर्स करतोय, स्टुडंट व्हिसा, वीकेंडला उबर चालवता येईल का? पुण्यात माझ्याकडे लायसन्स आहे सहा वर्षं जुनं.

स्टिअरिंगवाला
नाही रे बाबा. स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉइड काम चालत नाही आणि हा धंदा सगळा सेल्फ-एम्प्लॉइड. शिवाय भारताचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून एकच वर्ष चालतं, बदलून मिळत नाही, इथली टेस्ट पहिल्यापासून द्यावी लागते, आणि मग बहुतेक कौन्सिलं म्हणतात इथलं लायसन्स निदान एक वर्ष जुनं हवं. अभ्यास कर.

विद्यार्थी_कॉव्हेंट्री
ओके दादा 😅

पेडणेकर_स्लाव
मेघनाताई माझा सल्ला, हे कौन्सिल सोडा आणि वुल्व्हरहॅम्प्टनला अर्ज टाका. मँचेस्टरपासून कुठेकुठे त्यांच्या पाट्यांच्या गाड्या फिरतात, स्वस्त आणि झटपट. ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर तिन्ही एकाच कौन्सिलचे असले की प्रायव्हेट हायरवाला देशात कुठेही भाडं मारू शकतो. कायदेशीर आहे.

कौन्सिलची_कारकून
कायदेशीर आहे, पण यांच्यासाठी वाईट सल्ला. एक तर तिथेही डीबीएस तेच येणार. दुसरं, २०२२ च्या कायद्यानंतर एक राष्ट्रीय रजिस्टर सक्तीचं झालंय, एनआर३एस म्हणतात. सुरक्षिततेच्या कारणाने कोणी लायसन्स नाकारलं, निलंबित किंवा रद्द केलं की कौन्सिलने त्यात नोंद करायची, आणि दुसऱ्या कौन्सिलने निर्णयाआधी ते उघडून बघायचं. नोंद ११ वर्षं राहते. आणि 'आधी कुठे नकार मिळालाय का' हा रकाना प्रत्येक फॉर्मवर असतो. परत 'नाही' लिहिणार का? शिवाय ही बाहेरच्या गावाचं लायसन्स घेऊन फिरायची वाट बंद करा असं काकूंनी म्हटलेल्या त्याच लुईस केसींनी जून २०२५ च्या मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या ऑडिटमध्ये सांगितलंय आणि सरकारनेही करतो म्हटलंय.

पेडणेकर_स्लाव
हे रजिस्टरचं माहीत नव्हतं. सल्ला मागे.

नौपाड्याचा_नाना
धागा वाचून ज्ञानात भर पडली. आमच्याकडे २०१६ मध्ये रिक्षा परमिटला मराठी आलंच पाहिजे म्हणून गदारोळ झाला होता, चॅनलवर आठवडाभर तेच. पण रात्री एकट्या बाईला घेऊन जाणारा माणूस कसा आहे यावर एवढी चर्चा मी कधी ऐकली नाही. मेघनाताई, काय झालं ते कळवा.

मेघना_मिडलँड्स
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. काल झाली कमिटी.

लायसन्स मिळालं नाही.

सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. आधी ऑफिसरने रिपोर्ट वाचला, पाच मिनिटं. मग नवऱ्याला बोलायला सांगितलं. मी कारकूनताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून त्याला तीनदा वाचून दाखवला होता तरी हा बाबा घाबरून पाठदुखीवरच घसरला, एमआरआयपर्यंत पोचला. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, फार सौम्यपणे म्हणाल्या, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे पण हे आम्हाला विचारात घेता येत नाही. मग प्रश्न. मला वाटलं होतं मारामारीवर खोदून विचारतील, तर त्यावर दोनच प्रश्न. बाकी पंचवीस मिनिटं त्या रकान्यावर. कोणी सांगितलं होतं? तुम्ही फॉर्मवरच्या सूचना वाचल्या होत्या का? त्यात कॉशन शब्द ठळक अक्षरात आहे, तो दिसला नाही का? हा म्हणाला दिसला, पण वाटलं त्यात माझं येत नाही. एक नगरसेवक म्हणाले, उद्या गाडीत काही घडलं आणि आम्हाला कळवायचं असेल, तेव्हाही तुम्हाला वाटेल का की यात माझं येत नाही? त्याला उत्तर नव्हतं आमच्याकडे.

बाहेर बसवलं चाळीस मिनिटं. आत बोलावून निकाल वाचला, आज सकाळी दोन पानी पत्र ईमेलने आलं, कारणांसकट. एकदाची मारहाण माफ करण्यासारखी असू शकते असं त्यात चक्क लिहिलंय. माहिती दडवली म्हणून विश्वास बसत नाही, म्हणून नाही.

तर्कट
वाईट वाटलं. अपील करा, २१ दिवस असतात मॅजिस्ट्रेट कोर्टात जायला. सोडू नका.

स्टिअरिंगवाला
वकिलाला विचारून मग करा. अपील हरलात तर कौन्सिलचा खर्च तुमच्या डोक्यावर.

कौन्सिलची_कारकून
आणि जिंकलात तरी स्वतःचा खर्च परत मिळेलच असं नाही. ब्रॅडफर्डची २००० सालची केस आहे, कौन्सिल प्रामाणिकपणे आणि समंजसपणे वागलं असेल तर निव्वळ हरलं म्हणून त्याच्याकडून खर्च वसूल करायचा नसतो. कोर्ट सगळं नव्याने ऐकतं हे खरं, पण कौन्सिलचा निर्णय चूक वाटला तरच उलटवतं. तुमच्या पत्रातली कारणं मी पाहिली नाहीत, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ती पक्की वाटतात. मला असं लिहायला आवडत नाहीये.

हॅरोच्या_काकू
मेघना, मी तेव्हा जरा जास्तच बोलले का गं? मनात राहिलंय.

मेघना_मिडलँड्स
नाही काकू. उलट तो ठरलेला प्रश्न वाचला त्या रात्री मला झोप नाही लागली. माझी धाकटी बहीण बर्मिंगहॅमला शिकते. मी विचार केला की समजा कागद माझ्यासमोर आला, नाव नाही, फोटो नाही, फक्त 'चार वर्षांपूर्वी मारहाण, फॉर्मवर लपवलं' एवढंच, तर मी तिला रात्री त्या गाडीत बसू दिलं असतं का? नसतं दिलं. आणि तो माणूस आत्ता शेजारी घोरतोय, याला झुरळ मारवत नाही. हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो हा धागा वाचत नाही हे बरंय.

वकिलाशी बोललो, अपील नाही करणार. पैसे नाहीत तेवढे, आणि त्याला परत कोणासमोर उभं राहायचं नाहीये.

स्टिअरिंगवाला
ताई एक सुचवू का. सुपरमार्केटच्या घरपोच डिलिव्हरीच्या व्हॅन असतात, त्याला हे कौन्सिलचं लायसन्स लागत नाही, साधं कार लायसन्स चालतं. क्रेट उचलावे लागतात पण मध्ये मध्ये बसायला मिळतं. तोवर वर्षं जातील. फॉर्मवर काही विचारलं तर मात्र सगळं लिहा.

मेघना_मिडलँड्स
दादा, अर्ज भरलाय कालच. गुन्ह्याचा रकाना त्याने स्वतः भरला. छोट्या चौकोनात मावेना म्हणून मागे वेगळा कागद जोडलाय, दीड पान. त्यात सामन्याचा स्कोअर पण लिहिलाय, मी म्हटलं तेवढा काढ तरी.